‘थायरॉईडची गोळी चालू आहे’: ताप, दुखरा घसा आणि ५२ न्यूट्रोफिल

या प्रकरणातल्या रुग्णाचं नाव, गाव आणि ओळख पटेल असे बारकावे बदलले आहेत. औषधांचे डोस लिहिले आहेत ते त्या वेळचे निर्णय समजावेत म्हणून. घरी उपचार करण्यासाठी ते नाहीत.

पार्श्वभूमी

रुग्ण ३४ वर्षांची, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी राहणारी. नवऱ्याचं किराणा दुकान, घरात सासूबाई आणि दोन मुलं, धाकटं ३ वर्षांचं. जुलैमध्ये छातीत धडधड, हाताला कंप, भूक चांगली असूनही ३ महिन्यांत ६ किलो वजन कमी, अशा तक्रारी घेऊन ती जिल्ह्याच्या ठिकाणी फिजिशियनकडे गेली. नाडी ११८, गळ्याशी थोडी सूज, डोळे ठीक. टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारा हार्मोन, थायरॉईड जास्त चाललं की तो उतरतो) ०.०१ पेक्षा कमी आणि फ्री टी-४ (थायरॉईडचा स्वतःचा हार्मोन) ४.२ (त्या लॅबची वरची मर्यादा १.८). टीएसएच रिसेप्टरविरुद्धच्या अँटिबॉडी पॉझिटिव्ह आल्या. निदान ग्रेव्हज आजाराचं, म्हणजे थायरॉईड जास्त काम करण्याचं.

कार्बिमाझोल (थायरॉईडला रोखणारी गोळी) १० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा आणि प्रोप्रानोलोल (धडधड आणि कंप कमी करणारी गोळी) ४० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू झालं. टी-४ वरच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त असताना दिवसाला ३० मिलिग्रॅमने सुरुवात करणं योग्यच. आणखी एक गोष्ट तिथे नीट झाली, ती पुढे उपयोगी पडली: गोळी सुरू करण्याआधी सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) आणि लिव्हरच्या तपासण्या केल्या होत्या. एकूण पांढऱ्या पेशी ६,२००, त्यात न्यूट्रोफिल (बॅक्टेरियाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५८ टक्के. ग्रेव्हज आजारात मुळातच पांढऱ्या पेशी थोड्या कमी असू शकतात. सुरुवातीचा आकडा हाताशी नसला, तर ‘हिच्या आधीपासूनच कमी असतील’ असं म्हणायला जागा राहते. इथे ती राहिली नाही.

जे झालं नाही ते असं: ताप आला किंवा घसा दुखला तर गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी करा, हे वाक्य चिठ्ठीवर कुठेच नव्हतं. तोंडी सांगितलं असेलही. घरच्यांच्या लक्षात राहिलं होतं ते एवढंच की थायरॉईडची गोळी चुकवायची नाही.

कार्बिमाझोल पोटात गेल्यावर त्याचं मेथिमाझोल होतं आणि तेच थायरॉईडला रोखतं. ही औषधं घेणाऱ्या साधारण २०० ते ५०० जणांत एकाच्या न्यूट्रोफिल पेशी जवळजवळ नाहीशा होतात. याला ॲग्रॅन्युलोसायटोसिस म्हणतात. बहुतेक वेळा हे पहिल्या ३ महिन्यांत घडतं. डोस जास्त असेल तर धोकाही जास्त, पण कमी डोसवर तो शून्य होत नाही. अँटिबॉडी तयार होऊन रक्तातल्या आणि अस्थिमज्जेतल्या तयारीच्या पेशीही मारल्या जातात, त्यामुळे घसरण हळूहळू होत नाही. सोमवारी नॉर्मल आलेला काउंट पुढच्या सोमवारी शून्याजवळ असू शकतो.

समस्या

गोळी सुरू होऊन ६ आठवडे झाले होते. सप्टेंबरचा महिना, गावात डेंग्यूचे पेशंट चालू. सोमवारी संध्याकाळी तिला थंडी वाजून १०२ फॅरनहाइट ताप आला. घसा दुखत होता. मंगळवारी ती जवळच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेली. त्यांनी घसा पाहिला: लाल, पण पू नाही, पांढरे ठिपके नाहीत. ‘आधीचं काही?’ या प्रश्नाला नवऱ्याने उत्तर दिलं, ‘थायरॉईडची गोळी चालू आहे.’

या प्रकरणाचा सांधा याच उत्तरात आहे. आपल्याकडे थायरॉईडची गोळी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे थायरॉक्सिनच येतं, म्हणजे थायरॉईड कमी काम करत असताना द्यायचा हार्मोन: सकाळी उपाशीपोटी घ्यायची, वर्षानुवर्षं चालणारी, कुठल्याही तापात बंद न करायची निरुपद्रवी गोळी. शंभरातल्या बहुतेक थायरॉईड पेशंटची गोळी तीच असते, म्हणून डॉक्टरांचा अंदाजही तिकडेच गेला. केसपेपरवर ‘थायरॉईड, उपचार चालू’ एवढंच उतरलं. पॅरासिटामॉल आणि ॲझिथ्रोमायसिन लिहून दिलं गेलं. कार्बिमाझोल तसंच दिवसातून तीनदा चालू राहिलं. गिळताना दुखायला लागल्यावर सासूबाई ते चमच्यात चुरडून पाण्यातून देत होत्या.

लाल घशात पू नव्हता याचा अर्थही उलटा लागला. पू नाही म्हणजे व्हायरल, असा साधा हिशोब असतो आणि एरवी तो बरोबरही असतो. पण पू तयार होतो तोच न्यूट्रोफिलपासून. त्या पेशीच नसतील तर जंतूंनी घसा पोखरला तरी तो फक्त लाल आणि सुजलेला दिसतो.

गुरुवारी सकाळी, ताप न उतरल्यामुळे, सीबीसी आणि डेंग्यूची एनएस-१ चाचणी झाली. दुपारी १ वाजता रिपोर्ट आला:

हिमोग्लोबिन ११.८. एकूण पांढऱ्या पेशी १,३००. न्यूट्रोफिल ४ टक्के, लिम्फोसाइट ८८, मोनोसाइट ६, इओसिनोफिल २. प्लेटलेट २,१२,०००. एनएस-१ निगेटिव्ह.

लॅबच्या टेक्निशियनने एकूण आकड्याभोवती लाल गोल काढून दवाखान्यात फोन केला, हे त्याचं चांगलं काम. फोनवर बोलणं झालं ते असं: ‘सर, काउंट फार कमी आहे, १,३००.’ ‘प्लेटलेट?’ ‘दोन लाख बारा.’ ‘मग ठीक, डेंग्यूच असेल, प्लेटलेट उद्या उतरतील. उद्या परत करा.’ न्यूट्रोफिलची टक्केवारी कुणी विचारली नाही, कुणी सांगितलीही नाही.

पहिला निर्णयबिंदू: हा काउंट नेमकं काय सांगत होता

पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा ४,००० ते ११,००० मध्ये असावा, हे सगळ्यांना पाठ असतं. पण जंतुसंसर्गाचा धोका ठरवतो तो न्यूट्रोफिलचा निव्वळ आकडा. हिशोब तोंडी करता येतो: एकूण पेशी गुणिले न्यूट्रोफिलची टक्केवारी (रिपोर्टमध्ये बँड पेशी, म्हणजे कोवळ्या न्यूट्रोफिल, वेगळ्या दिल्या असतील तर त्याही मिळवून), भागिले १००. इथे १,३०० गुणिले ४ भागिले १००, म्हणजे ५२.

हा आकडा १,५०० च्या वर असेल तर काळजी नाही. १,००० ते १,५०० सौम्य घट, ५०० ते १,००० मध्यम, ५०० च्या खाली गंभीर. १०० च्या खाली शरीरात बॅक्टेरियाविरुद्ध लढणारं जवळपास कुणी नाही असं समजायचं. एकूण पेशी १,३०० असलेल्या दोन रुग्णांत एकीच्या न्यूट्रोफिल ७०० असतील आणि दुसरीच्या ५२, तर एकूण आकड्यावरून त्या दोघी सारख्याच दिसतात.

डेंग्यूशी ताडून पाहिलं तर तीन गोष्टी जुळत नव्हत्या. डेंग्यूत पांढऱ्या पेशी साधारण २,००० ते ४,००० पर्यंत उतरतात आणि न्यूट्रोफिलही घटतात, पण ते शंभराखाली जाणं फार विरळ. पेशी इतक्या खाली जात असताना प्लेटलेट सहसा सोबत घसरू लागलेल्या असतात. इथे त्या जागच्या जागी होत्या. आणि एनएस-१ तापाच्या पहिल्या ४-५ दिवसांत पॉझिटिव्ह येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. निगेटिव्ह आल्याने डेंग्यू नाकारता येत नाही हे खरं, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो डेंग्यूच्या बाजूने पुरावाही होत नाही.

पांढऱ्या पेशी कमी होण्याची कारणं बरीच आहेत. व्हायरल ताप, टायफॉइड, मलेरिया, बी-१२ आणि फोलेटची कमतरता, प्लीहा वाढणं, ल्युपससारखे आजार, एचआयव्ही, केमोथेरपी, ब्लड कॅन्सर. औषधांत अँटिथायरॉईड गोळ्या, क्लोझापिन, सल्फासॅलाझिन, को-ट्रायमोक्सॅझोल, मेटामिझोल, आणि आठवड्याला एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतली जाणं, हा शेवटचा प्रकार आपल्याकडे वारंवार दिसतो. यादी लांब असली तरी एक प्रश्न ती पटकन छोटी करतो: घट एकाच ओळीत आहे की तिन्हीत (पांढऱ्या पेशी, हिमोग्लोबिन, प्लेटलेट)? बी-१२ ची कमतरता, ल्युकेमिया आणि मेथोट्रेक्सेटची चूक बहुधा हिमोग्लोबिन आणि प्लेटलेटही खेचून खाली आणतात. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट शाबूत आणि फक्त न्यूट्रोफिल गायब, अंगात ताप, घसा दुखतोय, एवढं दिसलं की सर्वांत आधी औषधांची यादी मागायची.

गुरुवार दुपार ते शुक्रवार दुपार हे २७ तास असे गेले. घरी प्लेटलेटसाठी पपईच्या पानांचा कच्चा रस, किवी आणि दवाखान्यातून मिळालेल्या पपईच्या गोळ्या सुरू झाल्या. पपईच्या रसावर वाद घालण्याची ही जागा नाही, पण ५२ न्यूट्रोफिल असलेल्या बाईला पाट्यावर वाटलेला न उकळलेला पाला पाजणं हा वेगळाच धोका होता. तिच्या प्लेटलेट तर कमी नव्हत्याच.

दुसरा निर्णयबिंदू: पिशवी टेबलावर

शुक्रवारी दुपारी तिला स्वतःची लाळही गिळता येईना. जिभेच्या कडेला आणि गालाच्या आत जखमा, दातखीळ बसावी तशी हुडहुडी. ४ वाजून १० मिनिटांनी जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात कॅज्युअल्टीमध्ये नोंद झाली: ताप १०३.४, नाडी १३२, बीपी ९६/६०, श्वास मिनिटाला २६, शुद्ध व्यवस्थित.

तिथल्या निवासी डॉक्टरने काही विशेष तपासणी केली नाही. तिने नवऱ्याला गोळ्यांची पिशवी उलटी करायला सांगितली. पॅरासिटामॉल, ॲझिथ्रोमायसिन, पँटोप्रॅझोल, पपईच्या गोळ्या, प्रोप्रानोलोल आणि एक अर्धी संपलेली स्ट्रिप. तिने स्ट्रिपच्या मागचं बारीक नाव उजेडात धरून वाचलं, गुरुवारचा रिपोर्ट पुन्हा पाहिला आणि केसपेपरवर मोठ्या अक्षरांत ‘कार्बिमाझोल बंद’ असं लिहून सही केली. निदान तिथेच झालं होतं. पुढचे १० दिवस उपचारांचे.

पर्याय आणि घेतलेले निर्णय

पहिला प्रश्न अँटिबायोटिकचा. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली आणि ताप १०१ च्या वर, किंवा तासभर १००.४ च्या वर राहिला, तर पहिला डोस एका तासाच्या आत शिरेतून जायला हवा. रिपोर्टची वाट पाहायची नाही, बेडची वाट पाहायची नाही. आधी दोन्ही हातांतून वेगवेगळं, प्रत्येकी ८ ते १० मिली रक्त ब्लड कल्चरसाठी घेतलं आणि ४ वाजून ४५ मिनिटांनी पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅम सुरू झालं, पुढे दर ६ तासांनी. कल्चर आधी घेणं महत्त्वाचं, पण शीर सापडत नाही म्हणून डोस अर्धा तास अडवून ठेवणं चूक. इथे दोन्ही जमलं.

मेरोपेनेम, म्हणजे त्याहून ताकदीचं अँटिबायोटिक, पहिल्यापासूनच द्यायचं का, यावर चर्चा झाली. बीपी कमी होतं, आणि आपल्याकडच्या ग्रॅम निगेटिव्ह जंतूंमध्ये (बॅक्टेरियाचा एक मोठा गट) सेफ्ट्रिॲक्सोनसारख्या औषधांना न जुमानणारे बरेच असतात, हे त्याच्या बाजूने. सलाईननंतर बीपी सावरतंय का ते तासाभरात पाहून ठरवू, असं वरिष्ठांनी सांगितलं. ५० किलो वजनाला ३० मिली प्रतिकिलो म्हणजे १,५०० मिली सलाईन. थायरॉईडमुळे आधीच थकलेल्या हृदयावर ताण येऊ नये म्हणून ते ५००-५०० मिलीच्या टप्प्यांत, दर वेळी छाती तपासून दिलं. बीपी ११०/७० झालं आणि पिपरासिलिनवरच थांबण्याचं ठरलं. व्हॅन्कोमायसिन दिलं नाही, कारण त्वचेवर संसर्ग नव्हता, सेंट्रल लाइन नव्हती, न्यूमोनिया नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लड कल्चरमधून ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलस वाढत असल्याचा फोन आला. ताप १०२.८ वर अडकलेला. आता थांबण्याला अर्थ नव्हता, म्हणून मेरोपेनेम १ ग्रॅम दर ८ तासांनी सुरू झालं. पक्का रिपोर्ट नंतर आला: क्लेबसिएला न्यूमोनिए, सेफ्ट्रिॲक्सोनला दाद न देणारा, ईएसबीएल प्रकारचा (बरीच अँटिबायोटिक निकामी करणारं एन्झाइम बनवणारा), पण मेरोपेनेमने मरणारा. पहिल्याच दिवशी मेरोपेनेम द्यायला हवं होतं का? बीपी ९६ असताना बरेचजण तसं करतील आणि ते चुकीचं ठरणार नाही. तासाभरात ठरवण्याची अट लिहून ठेवली होती आणि कल्चरचा फोन आल्याक्षणी औषध बदललं, म्हणून इथला सावध मार्ग निभावला.

दुसरा प्रश्न जीसीएसएफचा, म्हणजे अस्थिमज्जेला न्यूट्रोफिल बनवायला लावणाऱ्या इंजेक्शनचा. अँटिथायरॉईड औषधांमुळे झालेल्या ॲग्रॅन्युलोसायटोसिसमध्ये त्याचा फायदा किती, यावर एकमत नाही. एका लहान यादृच्छिक चाचणीत फायदा दिसला नव्हता. जुन्या रुग्णांच्या नोंदींवरून मात्र पेशी परतायला लागणारे दिवस कमी होतात असं दिसतं. न्यूट्रोफिल १०० च्या खाली, रक्तात जंतू आणि वाईट घसा असताना वाट पाहण्याचं कारण नव्हतं. फिल्ग्रास्टिम (जीसीएसएफचंच औषध) ३०० मायक्रोग्रॅम रोज त्वचेखाली.

तिसरा, अस्थिमज्जेची तपासणी. नातेवाईकांना ‘ब्लड कॅन्सर तर नाही ना’ ही भीती होती आणि तपासणी लगेच करून टाका असा आग्रहही. पॅथॉलॉजिस्टने स्लाइड स्वतः डोळ्यांनी वाचली. एकूण पेशी ९००, शंभर पेशी मोजल्या तेव्हा न्यूट्रोफिल १, ब्लास्ट पेशी (ब्लड कॅन्सरमध्ये दिसणाऱ्या कच्च्या पेशी) एकही नाही, प्लेटलेट पुरेशा. इतक्या कमी काउंटला मशिनची टक्केवारी भरवशाची नसते, स्लाइड हाताने मोजणं भाग असतं. कारण स्पष्ट, बाकी दोन ओळी शाबूत, म्हणून मज्जा तपासणी पुढे ढकलली. १०-१४ दिवसांत पेशी परतल्या नाहीत किंवा दुसरी ओळ घसरली तरच करायची असं ठरलं. करावी लागली नाही.

चौथा प्रश्न सर्वांत अवघड: थायरॉईडचं काय? कार्बिमाझोल कायमचं बंद. त्याच्या जागी प्रोपिलथायोयुरॅसिल ही दुसरी अँटिथायरॉईड गोळी देण्याचा विचार एका तरुण डॉक्टरने मांडला. ते देता येत नाही. दोन्ही औषधं एकाच कुळातली, एकाने पेशी मारल्या तर दुसऱ्यानेही तसं होण्याचा धोका असतो, म्हणून या प्रतिक्रियेनंतर दोन्ही बाद.

थायरॉईड स्टॉर्मची, म्हणजे हार्मोनच्या अतिरेकाने जिवावर बेतणाऱ्या अवस्थेची, शक्यता तपासताना प्रचलित गुणांकन काढलं गेलं. ताप १०३.४ साठी २५, नाडी १३२ साठी २०, निमित्त म्हणून संसर्ग आहे त्याचे १०, एकूण ५५. ४५ च्या वर गुण म्हणजे स्टॉर्मची दाट शंका. पण यातले सगळे गुण सेप्सिसमुळेही, म्हणजे शरीरभर पसरलेल्या गंभीर संसर्गामुळेही, मिळू शकतात. शुद्ध साफ, जुलाब-उलट्या नाहीत, हार्ट फेल्युअर नाही, आणि फ्री टी-४ उतरून १.९ वर आलेलं. स्टॉर्म समजून हायड्रोकॉर्टिसोन आणि आयोडीन सुरू न करता दर ६ तासांनी पुन्हा तपासण्याचं ठरलं. प्रोप्रानोलोल पहिले काही तास रोखलं, बीपी स्थिर झाल्यावर २० मिलिग्रॅम दर ८ तासांनी दिलं. कोलेस्टिरामाइनची ४ ग्रॅमची पावडर दिवसातून चारदा, थायरॉईडचा हार्मोन आतड्यात अडकवून बाहेर काढण्यासाठी. ही पावडर दुसरी औषधंही अडकवते, म्हणून बाकी गोळ्या तिच्या १ तास आधी किंवा ४ तासांनंतर. जखमा असलेल्या तोंडाने ती गिळणं त्रासाचं होतं, पहिले दोन दिवस निम्मेच डोस गेले. लिथियमचाही पर्याय होता. पाणी कमी झालेल्या, सेप्सिसमधल्या रुग्णाला त्याची पातळी सांभाळणं जोखमीचं, म्हणून सोडला.

याच टप्प्यावर एक निर्णय सहज निसटला असता. घशाच्या मागे गळू असेल म्हणून मानेचा कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेला स्कॅन) सुचवला गेला. कॉन्ट्रास्टमध्ये आयोडीन भरपूर असतं. ते एकदा गेलं की थायरॉईड काही आठवडे रेडिओआयोडीन (थायरॉईड निकामी करण्यासाठी दिलं जाणारं किरणोत्सारी आयोडीन) शोषून घेत नाही, आणि गोळ्या बाद झाल्यावर पुढचा उपचार बहुधा तोच असणार होता. आधी सोनोग्राफी केली, गळू दिसलं नाही, सीटी टळला. श्वास अडत असता किंवा सोनोग्राफीत शंका राहिली असती तर सीटी करायलाच हवा होता. रेडिओआयोडीन महिनाभर लांबलं तर चालतं, घशातलं गळू थांबत नाही.

वॉर्डातली काळजी

स्वतंत्र खोली, प्रत्येक वेळी हात धुऊनच आत. गुदद्वारातून थर्मामीटर, सपोझिटरी किंवा एनिमा नाही, कारण तिथली बारीक चीरही जंतूंना वाट देते. स्नायूत इंजेक्शन नाही. तापाला पॅरासिटामॉल दिलं तरी आकडा आधी लिहून मग गोळी, नाहीतर ताप लपतो. तोंडासाठी मीठ-सोड्याचं कोमट पाणी दर ४ तासांनी. अल्कोहोल असलेला माउथवॉश जखमांवर आग करतो, तो बंद.

जेवणाबद्दल नातेवाईक फार गोंधळतात. सगळंच बेचव आणि उकडलेलं द्यायची गरज नाही, तसल्या कडक पथ्याचा फायदा सिद्ध झालेला नाही. नुकतंच शिजवलेलं आणि गरम असलेलं चालतं: पातळ वरण-भात, पेज, मऊ खिचडी, उकळून निववलेलं पाणी. कच्ची कोशिंबीर, बाहेरचा रस, उघडं कापलेलं फळ आणि पपईचा पाला नको.

घटनाक्रम आणि परिणाम

पहिल्या दिवशी एकूण पेशी ९००, न्यूट्रोफिल ९. तिसऱ्या दिवशीही तसंच, नातेवाईकांचा धीर सुटण्याचा दिवस. चौथ्या दिवशी ताप १०० च्या खाली. पाचव्या दिवशी न्यूट्रोफिल २४ च होते, पण मोनोसाइट १५ टक्क्यांवर गेले. मज्जा जागी होताना मोनोसाइट बहुधा आधी दिसतात, आणि अनुभवी पॅथॉलॉजिस्टने रिपोर्टखाली तसं लिहूनही दिलं. सातव्या दिवशी ३४२, आठव्या दिवशी १,३९४. त्या दिवशीच्या इंजेक्शननंतर फिल्ग्रास्टिम थांबवलं.

दहाव्या दिवशी एकूण पेशी १४,२०० आल्या, त्यात अपरिपक्व पेशीही होत्या. नव्या माणसाला हा पुन्हा संसर्ग वाटू शकतो. ताप नाही, रुग्ण जेवते आहे, जीसीएसएफ नुकतंच थांबलं आहे, तर हा औषधाचा उरलेला परिणाम. अँटिबायोटिक वाढवलं नाही. मेरोपेनेमचे ९ दिवस पूर्ण करून अकराव्या दिवशी ती घरी गेली.

गोळी बंद झाल्यावर थायरॉईडने पुन्हा उचल खाल्ली. दोन आठवड्यांनी फ्री टी-४ ३.१. प्रोप्रानोलोल ४० मिलिग्रॅम दर ८ तासांनी केलं, कोलेस्टिरामाइन चालू ठेवलं. कायमच्या उपायासाठी दोन वाटा होत्या. शस्त्रक्रिया: परिणाम लगेच, पण हार्मोन ताब्यात नसताना भूल धोक्याची. त्याआधी आयोडीनचे थेंब ७-१० दिवस द्यावे लागले असते, आणि आवाजाची नस व कॅल्शियमच्या ग्रंथींना इजा होण्याची थोडी शक्यता. रेडिओआयोडीन: एक कॅप्सूल, टाके नाहीत, पण परिणामाला आठवडे लागतात, गरोदरपणात आणि स्तनपानात देता येत नाही, डोळ्यांचा त्रास असेल तर तो वाढू शकतो. तिला डोळ्यांचा त्रास नव्हता, धाकट्याचं दूध सुटलेलं, आणखी मूल नको होतं. गर्भचाचणी निगेटिव्ह पाहून, पुढचे ६ महिने गर्भनिरोधन पक्कं करून, डिस्चार्जनंतर साधारण महिन्याभराने पुण्यात १२ मिलिक्युरीचा डोस दिला. ३ वर्षांच्या मुलाला काही दिवस मांडीवर घ्यायचं नाही, ही अट घरात सर्वांत जड गेली. मुलाला मामाकडे पाठवून ती पाळली.

तीन महिन्यांनी टीएसएच ३८ झालं, म्हणजे थायरॉईड शांत होऊन उलट्या बाजूला गेलं. हे अपेक्षितच होतं. थायरॉक्सिन सुरू झालं आणि ते कायम घ्यायचं आहे.

काय वेगळं करता आलं असतं

कार्बिमाझोल लिहिताना चिठ्ठीवर, मराठीत, एक ओळ: ‘ताप, घसादुखी किंवा तोंडात फोड आले तर ही गोळी लगेच थांबवा, त्याच दिवशी सीबीसी करा, आणि हा कागद डॉक्टरांना दाखवा.’ दोन दिवस गोळी चुकल्याने थायरॉईडचं मोठं नुकसान होत नाही, हेही सांगायला हवं. लोक गोळी थांबवायला घाबरतात ते याच भीतीने.

दर काही दिवसांनी सीबीसी करून हे टाळता आलं असतं का? जपानमध्ये पहिले २ महिने दर २ आठवड्यांनी तपासतात. बहुतेक ठिकाणी नियमित तपासणीचा आग्रह नाही, कारण घसरण दोन तपासण्यांच्या मधल्या काळात होऊन जाते आणि नॉर्मल रिपोर्ट खोटा दिलासा देतो. आमच्या मते परवडत असेल तर पहिल्या ३ महिन्यांत तपासायला हरकत नाही, पण वरची एक ओळ लिहिण्याचं काम त्यामुळे टळत नाही.

फॅमिली डॉक्टरांसाठी: ‘थायरॉईड’ ऐकल्यावर पुढचा प्रश्न ‘गोळीचं नाव काय, स्ट्रिप दाखवा’. स्ट्रिप घरी असेल तर फोटो मागवायला दोन मिनिटं लागतात. मंगळवारी एवढं झालं असतं तर गोळी तीन दिवस आधी थांबली असती. डेंग्यूच्या दिवसांत पांढऱ्या पेशी २,००० च्या खाली आल्या की प्लेटलेटआधी न्यूट्रोफिलचा गुणाकार करायचा.

लॅबसाठी: फोनवर एकूण आकड्यासोबत न्यूट्रोफिलचा निव्वळ आकडाही सांगायचा. ‘काउंट १,३००’ ऐकणारा माणूस डेंग्यू म्हणतो, ‘न्यूट्रोफिल ५२’ ऐकणारा रुग्णालयाचा पत्ता देतो. रिपोर्टवर हा आकडा वेगळ्या ओळीत छापणं सॉफ्टवेअरमधल्या एका खुणेचं काम आहे.

डिस्चार्ज कार्डावर ‘औषधाची ॲलर्जी’ या चौकटीत तीन नावं लिहिली गेली: कार्बिमाझोल, मेथिमाझोल, प्रोपिलथायोयुरॅसिल. आता ती थायरॉक्सिनवर असल्यामुळे पुढे कधी थायरॉईड परत वाढलंच, तर नवा डॉक्टर जुनी फाइल न पाहता हेच औषध लिहू शकतो. म्हणून त्या कार्डाचा फोटो नवऱ्याच्या मोबाइलमध्ये आणि एक प्रत फॅमिली डॉक्टरांच्या फाइलमध्ये ठेवली आहे.